दवाखान्यात व्यसनाची तपासणी: खर्च किती आणि तो कोण भरतं?

आजचं व्याख्यान व्यसनमुक्तीचं भाषण नाही, हे आधीच सांगून टाकतो. दारू वाईट, तंबाखू वाईट, हे सगळ्यांना माहीत आहे. पिणाऱ्याला तर ते सगळ्यांत जास्त माहीत असतं. आज आपण हिशेब करणार आहोत. प्रश्न एवढाच आहे: जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला 'दारू घेता का, तंबाखू खाता का, आणखी काही घेता का' हे विचारायचं ठरवलं, तर त्याला खर्च किती येईल? आणि तो खर्च कोणाच्या खिशातून जाईल?

हा विषय डॉक्टर मंडळींपुढे काढला की तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं, 'वेळ नाही हो.' दुसरं, 'लोक खरं कुठे सांगतात?' आणि तिसरं, 'समजा सांगितलं, तर पुढे पाठवायचं कुठे?' ही तिन्ही उत्तरं खरी आहेत. कोणी टाळाटाळ करतंय असं आम्ही म्हणणार नाही. पण नीट बघितलं तर ही तीन उत्तरं म्हणजे तीन वेगवेगळे खर्च आहेत. पहिला दवाखान्याचा, दुसरा रुग्णाचा आणि तिसरा त्याच्या घरच्यांचा. आपण एकेक घेऊ.

आधी तपासणी म्हणजे काय ते बघू

'व्यसनाची तपासणी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्त आणि लघवीच्या बाटल्या येतात. दवाखान्यातली बहुतेक तपासणी तशी नसते. ती प्रश्नांची असते. इंग्रजीत तिला स्क्रीनिंग म्हणतात, मराठीत आपण चाळणी म्हणू. चाळणीचं काम निदान करणं हे नाही. कोणाशी थोडं जास्त बोलायला हवं, एवढंच ती सांगते.

सगळ्यांत जुनी आणि सोपी चाळणी ४ प्रश्नांची. तिला 'केज' म्हणतात. १९८४ मध्ये ती अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकातून सगळीकडे पोहोचली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ६ देशांत काम करून १० प्रश्नांची यादी बनवली. तिचं नाव 'ऑडिट'. आपल्याकडे ऑडिट म्हटलं की कार्यालयात धावपळ सुरू होते, पण हे ते ऑडिट नव्हे. यात ० ते ४० गुण असतात. ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या बाजूला सरकलंय असं धरतात. २० किंवा त्याच्या वर गेले तर अवलंबित्वाची शंका घ्यायची आणि पुढची नीट तपासणी करायची. याच ऑडिटचे पहिले ३ प्रश्न घेऊन एक छोटी आवृत्तीही केलेली आहे. आणि दारूसोबत तंबाखू, गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या या सगळ्याबद्दल विचारायचं असेल तर त्याच संघटनेची 'असिस्ट' नावाची ८ प्रश्नांची यादी आहे.

या याद्या फुकट वापरता येतात. परवाना नाही, फी नाही. मग खर्च कशाचा? म्हणून तर हिशेब मांडायचा.

एक अडचण मात्र इथेच सांगायला हवी. ऑडिटमधला 'एक ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे 'ड्रिंक' मोजून कोण पितं? आपल्याकडे नव्वद असते, क्वार्टर असते, बाटली असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर ते साधारण ६० ग्रॅम भरतं, म्हणजे ६ मापं. नव्वदमध्ये ३ मापं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४ मापं. आता ऑडिटचा तिसरा प्रश्न असा आहे: एका बैठकीत ६ किंवा जास्त मापं किती वेळा होतात? आपल्या भाषेत तो असा होतो: 'एका वेळी पूर्ण क्वार्टर किती वेळा होते?' असं विचारलं की माणूस पटकन उत्तर देतो. 'ड्रिंक्स किती?' विचारलं तर तो म्हणतो, 'एकच.' तोही खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी क्वार्टर म्हणजे एकच.

हातभट्टीचं मात्र काही सांगता येत नाही, तिचा जोर प्रत्येक भट्टीला वेगळा. तिथे ग्लासापेक्षा 'किती दिवस' आणि 'प्यायल्यावर काय होतं' हे विचारणं जास्त उपयोगाचं.

पहिला खर्च: मिनिटांचा

आता दवाखान्याचा खर्च. आपण एक कल्पित प्राथमिक आरोग्य केंद्र घेऊ. पुढचे सगळे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. तुमच्या केंद्राचे आकडे घालून तुम्ही तो पुन्हा मांडू शकता.

सकाळची ओपीडी ४ तासांची, म्हणजे २४० मिनिटं. समजा ८० रुग्ण आले. एकाला ३ मिनिटं मिळाली. त्यातच नाव, तक्रार, तपासणी, चिठ्ठी, सगळं आलं. या ८० पैकी ६० मोठी माणसं आहेत. प्रत्येकाला पूर्ण ऑडिट विचारायचं म्हटलं आणि त्याला ३ मिनिटं धरली, तर १८० मिनिटं गेली. ओपीडीचा तीन चतुर्थांश वेळ प्रश्नातच संपला. डॉक्टर 'वेळ नाही' म्हणतात ते यामुळे.

पण चाळण्या दोन असतात. गहू चाळताना आपण एकदम बारीक चाळणी घेत नाही. आधी मोठी, मग बारीक. तसंच इथे करायचं.

पहिल्या पायरीवर ६० जणांना एकच प्रश्न, अर्धा मिनिट. झाली ३० मिनिटं. समजा त्यातल्या १२ जणांचं उत्तर पुढे बोलण्यासारखं निघालं. त्यांना पूर्ण ऑडिट, ३ मिनिटं प्रत्येकी: ३६ मिनिटं. त्यातल्या ६ जणांचे गुण ८ च्या वर गेले. त्यांच्याशी ५ मिनिटं मोकळं बोलणं: ३० मिनिटं. एकूण ९६ मिनिटं.

९६ मिनिटं डॉक्टरांनीच द्यायची म्हटलं तर ओपीडीचा ४० टक्के वेळ गेला. तेही परवडत नाही. पण हे काम डॉक्टरांनीच करायला हवं असं कुठे आहे? समजा समुपदेशक किंवा प्रशिक्षण घेतलेली परिचारिका करते. तिचा पगार महिना २० हजार, कामाचे २०० तास, म्हणजे तासाला १०० रुपये धरले, तर ९६ मिनिटांचे १६० रुपये होतात. ६० जणांत वाटले तर माणशी पावणेतीन रुपयांच्या आत. ज्या ६ जणांना सल्ला मिळाला त्यांच्यात वाटले तर माणशी २७ रुपये.

आता कोणी म्हणेल, हे फार गुलाबी चित्र झालं. बरोबर आहे. प्रशिक्षण, देखरेख, नोंदवही, रजा, रिकामा वेळ, हे सगळं यात धरलेलं नाही. चला, तिप्पट करू. दिवसाला ४८० रुपये. माणशी ८ रुपये, सल्ला मिळालेल्या माणसामागे ८० रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका केंद्राला १ लाख ४४ हजार रुपये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खर्चात ही रक्कम डोळ्यांत भरणारी नाही.

म्हणजे विचारायला फार पैसे लागत नाहीत. ते काम करायला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला त्या वेळात दुसरं काम दिलेलं नसावं लागतं. दवाखान्यात अडतं ते इथेच.

दहा रुपयांचा फॉर्म

खरं सांगायचं तर व्यसनाचा प्रश्न आपल्याकडे आधीच विचारला जातो. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आशाताई घरोघरी जाऊन ३० वर्षांवरच्या माणसांचा 'सीबॅक' फॉर्म भरतात. त्यात वय, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला साखर किंवा बीपी आहे का, हे असतं. त्याच फॉर्ममध्ये तंबाखूचा प्रश्न आहे आणि दारूचाही आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या नियमाप्रमाणे एका फॉर्ममागे आशाताईला १० रुपये मिळतात. मिळतात, म्हणजे ठरलेले आहेत.

या फॉर्ममध्ये तंबाखूच्या प्रश्नाला तीन पर्याय आहेत: कधीच नाही, पूर्वी किंवा अधूनमधून, आणि रोज. दारूचा प्रश्न मात्र एवढाच आहे: 'रोज दारू पिता का?' हो किंवा नाही.

आता आपल्या भागातलं पिणं डोळ्यांपुढे आणा. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी हातात येते आणि त्या दिवशी क्वार्टर होते, कधी दोन होतात. बाकीचे ६ दिवस हा माणूस शेतात राबतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत असेल, नाहीतर कापूस वेचणीला असेल. तो रोज पीत नाही. फॉर्मवर 'नाही' येतं, आणि ते खरं असतं. पण बाजारावरून मोटारसायकलने परत येताना अपघात त्याचाच होतो. चाळणीची छिद्रं इतकी मोठी आहेत की तो सरळ खाली पडतो.

हा दोष आशाताईंचा नाही. फॉर्म साखर आणि बीपीसाठी बनवलाय, व्यसनासाठी नाही. पण मग 'आमच्याकडे व्यसनाची तपासणी होते' असं म्हणणंही बरोबर नाही. 'रोज' हा शब्द काढून 'एका वेळी क्वार्टर किंवा जास्त, महिन्यातून किती वेळा' असं केलं, तर कागदाचा खर्च तोच राहील आणि चाळणी कामाची होईल.

दुसरं, प्रश्न कोण, कोणाला आणि कुठे विचारतं यानेही फरक पडतो. आशाताई त्याच गावच्या. समोर बसलेला माणूस नात्याने तिचा दीर लागतो किंवा सासरे लागतात. ओसरीवर चार माणसं बसली आहेत. अशा ठिकाणी 'नाना, दारू घेता का?' हे ती विचारणार कशी आणि नाना सांगणार काय? शिरपूर, साक्री, चोपडा, यावलच्या डोंगरपट्ट्यात आणखी वेगळं. तिथे पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांवर मोहाच्या दारूला सणात, देवकार्यात जागा आहे. तिथे प्रश्नाचा सूर जरा जरी गुन्हा शोधण्याचा लागला, तरी उत्तर बंद होतं. प्रश्न माणसाच्या बोलीत हवा, अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत. आणि तो एकट्याला विचारलेला हवा. त्यासाठी लागते एक खोली आणि थोडी उसंत. ती कुठल्याच फॉर्मच्या १० रुपयांत बसत नाही.

दुसरा खर्च: खरं बोलण्याचा

आता डॉक्टरांचं दुसरं उत्तर, 'लोक खरं सांगत नाहीत.' का सांगत नाहीत? लाज हे एक कारण झालंच. पण लाजेपलीकडे रोकडा हिशेब आहे.

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण वगळण्यांची यादी असते. काय भरून मिळणार नाही, त्याची ती यादी. त्यात एक कलम आहे: दारू, मादक पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम. 'आणि त्याचे परिणाम' हे शब्द लक्षात ठेवा. केसपेपरवर डॉक्टरांनी 'दारूचा इतिहास' असं एक वाक्य लिहिलं, की यकृताच्या, स्वादुपिंडाच्या, कधी अपघाताच्या दाव्यावरही प्रश्नचिन्ह लागू शकतं. हे नातेवाइकांना माहीत असतं. म्हणून ते डॉक्टरांना विनवतात, 'साहेब, तेवढं लिहू नका.' डॉक्टरही माणूस आहे. तो लिहीत नाही. मग पुढच्या पाळीच्या डॉक्टरला ते कळत नाही. त्यातून काय होतं ते आपण पुढे बघू.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९४७ मध्ये विम्यासाठी एक नमुना कायदा झाला होता. जखमी माणूस नशेत असेल तर विमा कंपनीला पैसे नाकारता येतील, अशी त्यात तरतूद होती. पुष्कळ राज्यांनी ती घेतली. त्याचा परिणाम? अपघात विभागातले शल्यचिकित्सक दारूची तपासणीच टाळू लागले. तपासली नाही तर बिल मिळेल, तपासली तर बुडेल. शेवटी २००१ मध्ये विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने ही तरतूद काढून टाकण्याची शिफारस केली. आणि काही वर्षांतच तिथल्या सर्जनांच्या संघटनेने मोठ्या ट्रॉमा केंद्रांना दारूची तपासणी बंधनकारक केली. आधी शिक्षा काढली, मग तपासणी मागितली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे कायदा दुसऱ्या बाजूनेही बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था घेतल्या आहेत. त्याच कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे. आणि मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा मिळावा असं कलम आहे. एकीकडे हा कायदा आणि दुसरीकडे विम्याची वगळणी. या दोघांच्या मधल्या फटीत आपला रुग्ण उभा आहे. त्याने खरं सांगावं असं वाटत असेल, तर खरं सांगितल्याचा भुर्दंड त्याच्यावर पडणार नाही याची सोय आधी करावी लागेल.

न विचारण्याचा खर्च

आता उलट बाजूचा हिशेब. विचारलंच नाही तर काय होतं?

धुळे हे महामार्गांचं नाक आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. अपघाताचे रुग्ण रोजचेच. समजा एकजण मांडीचं हाड मोडून भरती झाला. रोज पिणारा आहे, पण कोणी विचारलं नाही किंवा कोणी लिहिलं नाही. दवाखान्यात दारू मिळत नाही. म्हणजे त्याची दारू भरती झाल्याच्या क्षणी बंद झाली.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की शरीर बंड करतं. ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो. हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसं, किडे दिसायला लागतात, तो पलंगावरून उठून पळतो. मोडलेलं हाड तसंच. नातेवाईक म्हणतात बाहेरची बाधा झाली. कर्मचारी त्याला बांधून ठेवतात. ऑपरेशन पुढे जातं, अतिदक्षता विभाग लागतो, आणि काही माणसं यात दगावतात.

हे टाळायला काय लागतं? भरतीच्या वेळी अर्ध्या मिनिटाचा प्रश्न: 'शेवटची दारू कधी घेतली? रोज घेता का?' उत्तर 'हो' असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात, ठरलेल्या पद्धतीने शांत करणारी औषधं देतात, ब-१ जीवनसत्त्व देतात. ही औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत. एका अतिदक्षता खाटेच्या एका दिवसाच्या खर्चापुढे ती कुठेच नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, सगळ्या दवाखान्यात एकदम सुरू करता येत नसेल तर भरती होणाऱ्या रुग्णांपासून सुरू करा. तिथे प्रश्नाची किंमत त्याच आठवड्यात वसूल होते.

अमेरिकेत २००५ मध्ये अपघात रुग्णांच्या तपासणीचा असा हिशेब प्रसिद्ध झाला. तपासणी आणि थोडक्यात सल्ला यावर १ डॉलर खर्च केला तर पुढच्या उपचारांचे ३.८१ डॉलर वाचतात, असा तो अंदाज होता. हा आकडा जसाच्या तसा धुळ्याला लावता येणार नाही. तिथले उपचार महाग, म्हणून बचतही मोठी दिसते. पण दिशा तीच आहे.

तिसरा खर्च: 'हो' म्हटल्यानंतर

आता सगळ्यांत अवघड भाग. माणसाने 'हो' म्हटलं. पुढे काय?

संशोधन काय सांगतं ते दोन्ही बाजूंनी सांगायला हवं. थोडक्यात सल्ल्यावरचे जगभरचे प्रयोग २०१८ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. वर्षभरानंतर सल्ला मिळालेली माणसं इतरांपेक्षा आठवड्याला सरासरी २० ग्रॅम अल्कोहोल कमी पीत होती. म्हणजे क्वार्टरचा तिसरा हिस्सा. फार मोठा फरक नाही, पण ५ मिनिटांच्या मानाने वाईटही नाही. इंग्लंडमधल्या २०१३ च्या एका मोठ्या प्रयोगात मात्र २० मिनिटांचा सल्ला आणि नुसतं निकाल सांगून माहितीपत्रक देणं, यात लक्षणीय फरक दिसला नाही. आणि २०१४ मध्ये अमेरिकेत गांजा, अफू अशा पदार्थांसाठी हाच थोडक्यात सल्ला देऊन पाहिला, तर त्याने फरकच पडला नाही. ज्याचं व्यसन खोल गेलंय त्याला ५ मिनिटं पुरत नाहीत.

मग काय पुरतं? याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळालं. तिथे 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केला. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण आलेले ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांना त्यासोबत समुपदेशनाच्या जास्तीत जास्त ४ बैठका मिळाल्या, प्रत्येक अर्ध्यापाऊण तासाची. समुपदेशक कोण? मानसोपचाराची पदवी नसलेली, खास प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. ३ महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. १२ महिन्यांनी हे प्रमाण ५४ आणि ३२ असं होतं. आणि खर्च? ३ महिन्यांच्या हिशेबात एक जादा माणूस बरा करायला २१७ डॉलर. म्हणजे काही हजार रुपये. यात मोठं रुग्णालय नाही, महाग औषध नाही. आहे ती ४ बैठकांपुरती वेळ देणारी माणसं, आणि ती त्याच दवाखान्यात बसलेली.

'त्याच दवाखान्यात' यावर जोर आहे. कारण आपल्याकडे 'हो' म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा जिल्ह्याची चिठ्ठी मिळते: 'मानसोपचार विभागात दाखवा.' जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला १९८९ पासून भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे. डॉक्टर आहेत. पण शिरपूरपासून धुळं पन्नासेक किलोमीटर, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आधी शिरपूरला यायचं. व्यसनी माणूस एकटा जात नाही, बायको किंवा भाऊ सोबत लागतो. समजा दोघांची दिवसाची मजुरी ८०० रुपये बुडाली, एसटी आणि चहापाण्याचे ४०० झाले. एका खेपेला १२०० रुपये. ४ खेपांचे ४८००.

आता मघाचा आकडा आठवा. दवाखान्याने त्याला शोधून काढायला, सल्ला द्यायला ८० रुपये खर्च केले. आणि एक चिठ्ठी लिहून ४८०० रुपयांचं बिल त्याच्या बायकोच्या हातात दिलं. ते बिल सरकारच्या कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून तपासणी स्वस्त वाटते. दुसऱ्या खेपेला माणूस येत नाही, आणि आपण लिहितो, 'रुग्णाची इच्छाशक्ती नाही.'

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाला होता. बाकीच्या ३७ जणांना कोणी कधी काहीच विचारलं नसेल का? काहींना नक्कीच विचारलं असेल. विचारून झाल्यावर त्यांचा हात कोणी धरला नाही.

मग पैसा कुठे घालायचा?

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. तपासणीचं अंदाजपत्रक करताना किती माणसांना विचारलं यावर पैसे लावू नयेत. किती जण 'हो' म्हणतील, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या ४ बैठका त्याच्या तालुक्यात कोण घेईल, तिथून आकडा सुरू करावा. जेवढ्या 'हो'ची सोय असेल तेवढ्यांनाच आधी विचारावं. मग हळूहळू चाळणी रुंद करावी.

याचा क्रम असा लावता येईल. आधी भरती होणारे रुग्ण आणि अपघात विभाग. मग क्षयरोगाचे रुग्ण, कारण दारूमुळे त्यांची औषधं सुटतात, आणि ते तसेही नियमित येतात. गरोदर बायांना मिश्री, तंबाखूबद्दल विचारणं, कारण त्यांच्या तपासण्यांच्या तारखा ठरलेल्याच असतात. सगळ्यांत शेवटी संपूर्ण ओपीडी. आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला वार, शक्यतो बाजाराचा. त्या दिवशी माणसं तालुक्याला येतातच, वेगळी मजुरी बुडत नाही. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'ने तालुक्याच्या ठिकाणी अशी व्यसन-उपचार क्लिनिकं चालवून दाखवली आहेत. खान्देशात ते अशक्य आहे असं मानायचं कारण नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: लोक खोटं सांगतात तर सरळ लघवीची चाचणी का करत नाही?*

लघवीच्या पट्टीला माणशी पैसे लागतात आणि ती एवढंच सांगते की अलीकडे काहीतरी घेतलं. किती, का, आणि त्याने घरात काय झालं, हे ती सांगत नाही. खोकल्याच्या काही औषधांनीही ती फसू शकते. दारूसाठी यकृताच्या रक्त तपासण्या आहेत, पण धोक्याचं पिणं लवकर पकडण्यात ऑडिटचे प्रश्न त्यांच्यापेक्षा सरस ठरले आहेत. बेशुद्ध रुग्ण, विषबाधा, अशा ठिकाणी चाचणी जरूर करावी. पण सगळ्यांची चाचणी सुरू केली तर खर्च वाढेल, आणि भीतीने माणसं दवाखान्यात यायचीच बंद होतील.

*प्रश्न: आमच्या घरातला माणूस रोज पितो. आम्ही दारू लपवून ठेवतो, घराबाहेर जाऊ देत नाही. बरोबर आहे का?*

जो रोज भरपूर पितो त्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं असू शकतं, हे आपण मघाशी पाहिलं. आधी डॉक्टरांना दाखवा. पूर्वी कधी झटके आले असतील, भ्रम झाला असेल तर ते आवर्जून सांगा. आणि कुठल्याही कारणाने भरती करायची वेळ आली तर 'रोज घेतो, शेवटची अमुक वेळी घेतली' हे न लपवता सांगा. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

*प्रश्न: आम्ही खासगी डॉक्टर. आमच्याकडे समुपदेशक नाही. आम्ही काय करायचं?*

प्रतीक्षेत बसलेल्या रुग्णाचं नाव लिहून घेणारी तुमची ताई एक प्रश्न विचारू शकते. ५ मिनिटं तुम्ही द्या. त्याचे गुण त्याला सांगा, त्याच्या आजच्या तक्रारीशी दारूचा काय संबंध आहे ते सांगा, आणि 'पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, कसं चाललंय ते सांगा' असं म्हणा. त्याला उपदेश नको असतो. पुढच्या महिन्यात कोणीतरी विचारणार आहे, एवढं त्याला कळलं तरी बरंच काम होतं.

वेळ संपली आहे. पुढच्या व्याख्यानात तंबाखू सोडवण्याच्या औषधांबद्दल बोलू.